कानबाईचा कान

कमलबाईंना कुणी विचारलं, "माहेर कुठलं हो तुमचं?" की त्या आधी पदर सारखा करतात आणि मग म्हणतात, "पाण्यातलं." नवख्या माणसाला वाटतं, म्हातारी चेष्टा करतेय. चेष्टा कसली! निमाडात, नर्मदेच्या उत्तर काठावर त्यांचं गाव होतं. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. नदी फुगत फुगत आली आणि घरं, चिंचा, घाट, मसणवटा सगळं पोटात घेऊन शांत बसली. तेव्हापासून कमलबाई गावाचं नावच घेत नाहीत. त्या घेत नाहीत, तर आपणही इतक्यात नको घ्यायला.

सासर लासखेड्याचं. चोपड्याहून सातपुड्याकडे तोंड करून निघालं की केळीच्या बागांमधून रस्ता जातो, त्या रस्त्यावरचं गाव. लग्न होऊन आल्याला पन्नासेक वर्षं झाली. नवरा धनसिंग देवाघरी गेला, मुलगा योगेंद्र शेती बघतो, सून दिपमाला घर बघते, आणि कमलबाई त्या दोघांना बघतात. बोलणं कमी, हात जलद. गावातल्या म्हाताऱ्यांइतकीच अस्सल अहिराणी बोलतात. पण तव्याचा चटका बसला की तोंडातून पहिला शब्द निमाडीच निघतो. इथे 'आहे'ला 'शे' म्हणतात, निमाडात 'छे'. पन्नास वर्षांत त्यांनी सगळं बदललं, चटक्याची भाषा काही बदलली नाही.

माहेरची म्हणून त्यांच्यापाशी एकच वस्तू उरलेली आहे. आईची लुगडी विरून गेली. बापानं दिलेला पितळी हंडा गळायला लागला तेव्हा मोडीत गेला. भाऊ पुनर्वसनाच्या वसाहतीत राहायला गेला आणि तिथे दोन पावसाळेही न काढता वारला. उरला तो एक दगड. मूठभर आकाराचा, पिवळसर, एका अंगाला फुगीर, आणि कडेनं असा वळलेला की बघणाऱ्यानं म्हणावं, हा तर माणसाचा कान. वर्षभर तो हळदीच्या रिकाम्या डब्यात असतो. श्रावण आला की डब्यातून निघतो आणि थोरल्या जावेच्या घरी कानबाई देवीच्या पाटावर जाऊन बसतो. त्याला घरात, भाऊबंदकीत आणि अर्ध्या गावात 'कानबाईचा कान' म्हणतात.

तो कान कानबाईचा कसा झाला, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

कमलच्या गावामागून एक नाला नर्मदेला मिळायचा. उन्हाळ्यात खडखडीत कोरडा. त्याच्या दरडी पांढऱ्या-पिवळ्या दगडाच्या, आणि दर पावसाळ्यात त्या थोड्या थोड्या ढासळायच्या. पाणी ओसरलं की गावातल्या पोरी फ्रॉकचा ओचा करून तिकडे पळायच्या. पोरींचा बाजारच तो, आणि सगळा माल फुकट. कुठे कानासारखे दगड, कुठे बोरांएवढ्या गोल गोट्या. काही दगड लाडवासारखे, आणि त्यांच्या पाठीवर कुणी काढावी तशी पाच पाकळ्यांची नक्षी. त्यांना पोरी पाचफुली म्हणायच्या आणि पाचखड्यांच्या खेळाला त्याच लागायच्या. साध्या खड्यांनी खेळणारीला हिणवायच्या. दरडीत वर एके ठिकाणी मेंढ्याच्या शिंगासारखा वेटोळा दगड अर्धा रुतलेला होता, चांगला परातीएवढा. त्याला एका गोसाव्यानं शेंदूर फासून ठेवला होता. हे सगळं तिथे कुठून आलं, असं कुणाच्या मनातही येत नसे. नाल्यात दगड असतात आणि दगडाला काही ना काही आकार असतोच, यात विचारायचं काय?

कानाचा एक खेळ होता. एकीनं त्या दगडाशी तोंड नेऊन गुपित सांगायचं. दुसरीनं मग तो आपल्या कानाला लावायचा आणि काय ऐकू आलं ते सगळ्यांना सांगायचं. ऐकू तर काहीच येत नसे, दगड तो. मग ती मनाचं काहीतरी ठोकून द्यायची, आणि पहिली तिच्या मागे काठी घेऊन धावायची. कमलला हा खेळ इतका आवडायचा की आई ओरडायची, दगडाशी बोलून बोलून माणसांशी बोलायचं विसरशील.

पाठवणीच्या दिवशी सकाळी नवरी मुलगी नाल्यावर जाऊन आली, हे कुणाला कळलं नाही. आईनं शालूच्या पदराला हळकुंड, सुपारी आणि तांदूळ बांधले. कमलनं हळूच गाठ सोडली, आत कान टाकला आणि पुन्हा बांधली. मग नावेतून नर्मदा ओलांडून, बसनं सेंधव्याचा घाट उतरून, शिरपुरावरून वरात चोपड्याकडे आली. वाटभर ती पदराची गाठ मुठीत धरून होती. सासरच्यांना वाटलं, सुपारी सांभाळतेय, संस्कारी मुलगी आहे.

त्या वर्षी श्रावणात तिची पहिली कानबाई आली. खान्देशात कानबाई म्हणजे काय, हे खान्देशाबाहेरच्याला सांगून कळत नाही, पण थोडं सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी घरी बसते. पिढ्यान्‌पिढ्यांचा जपलेला नारळ, त्याला डोळे, नथ, साडी, दागिने. घर सारवायचं, भिंती रंगवायच्या, घरच्याच गव्हाचं पीठ दळायचं आणि त्याचा रोट करायचा. हा रोट फक्त घरच्यांनी खायचा. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही. या घरात तर लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही, कारण तिचं कूळ बदललं. आणि बाहेरून आलेली सून ज्या दिवशी पहिला रोट खाते, त्या दिवशी ती खरी घरची होते. सोमवारी सकाळी वाजतगाजत देवीला नदीवर न्यायचं, नारळाला पाण्यात बुडवून काढायचं आणि घरी आणायचं.

तर त्या रविवारी नव्या सुनेनं लग्नाचा शालू नेसला. त्याची गाठ तेव्हापासून तशीच होती. पाटासमोर वाकून नमस्कार करताना ती सुटली, आणि तांदळासकट दगड घरंगळत थेट कानबाईच्या पायाशी जाऊन थांबला.

सासूबाई पुढे झाल्या.

"हाई काय शे वं?"

कमलला नाल्यातलं त्या दगडाचं नाव तेवढं ठाऊक. ती म्हणाली, "कान छे."

सासूबाईंनी दगड उचलला, फिरवून पाहिला. पाळी, वळण, मधली खोली, सगळं जागच्या जागी. त्यांच्या अंगावर काटाच आला. "कानबाईना कान!" म्हणून त्यांनी तो कपाळाला लावला, हळदकुंकू वाहिलं आणि पाटावर ठेवला. कमल सांगायला गेली, "नही माय, तो आमना नालामा..." पण तोवर शेजारच्या दोघीतिघी पाया पडून मोकळ्या झाल्या होत्या. आणि सहा महिन्यांची सून भरल्या घरात सासूची चूक दुरुस्त करायला निघाली, तर तिचं पुढे काय होतं, हे काय मी सांगायला हवं? कमलनं तोंड मिटलं. त्याच दुपारी तिनं पहिला रोट खाल्ला. दगड आणि ती, दोघं एकाच दिवशी घरची झाली.

पुढच्या वर्षी कुणीतरी त्या कानात मनातलं सांगितलं. कुणाचं तरी काम झालं. मग रीतच पडली. देवी बसली की बायकांनी एकेकीनं यायचं, कान दोन्ही हातांत घ्यायचा, भिंतीकडे तोंड करायचं आणि पुटपुटायचं. लासखेड्यात माणसाच्या कानात सकाळी काही सांगितलं तर ते संध्याकाळच्या बसनं चोपड्याला पोचतं, तेव्हा असल्या कानाची गरज होतीच. धनसिंगला खरं माहीत होतं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कमलनं त्याला नाल्याची गोष्ट सांगितली होती. दर श्रावणात बायकांची रांग बघून तो मिशीत हसायचा आणि म्हणायचा, "तुन्ह्या माहेरनी गंमत मन्ह्या गावले पुरी पडनी." पण त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. माणूस चांगला होता.

कमलबाईंनी स्वतः मात्र त्या कानात सासरी कधीच काही सांगितलं नाही. आपल्याच खेळण्यापुढे हात जोडायचे कसे? त्या रांगेच्या कडेला उभ्या राहून फक्त बघायच्या. दुसऱ्या कुणाच्या हातात माहेर आहे, आणि ते जपून धरलंय, याचं त्यांना समाधान वाटायचं.

रांगेत सगळ्यात शेवटी असायची थोरली जाऊ, सुनंदाबाई. सासूबाईंच्या मागे कानबाई तिच्याकडे आली, घराचा कारभारही तिच्याकडे. आवाज असा की केळीच्या बागेतून हाक मारली तर गडी मळ्याच्या दुसऱ्या टोकाला ताठ उभा राहावा. तिचा नवरा बन्सीलाल तर गेली कित्येक वर्षं ओट्यावर बसून फक्त 'हं' म्हणतो. अशी ही बाई कान हातात घेतला की वेगळीच व्हायची. भिंतीकडे तोंड, पाठमोरी, आणि बराच वेळ. रीत पडली त्या अगदी पहिल्या वर्षी कमलनं तिची पाठ हलताना पाहिली होती. वळली तेव्हा डोळे कोरडे, आणि लगेच ओरडली, "पुऱ्या कोन तळी?" कमलनं कधी विचारलं नाही. विचारण्यासारखी ती बाईच नव्हती.

गाव बुडालं तेव्हा योगेंद्र आईला एकदा गाडीनं घेऊन गेला. उंचावर उभं राहून पाहिलं, तर जिकडे तिकडे पाणी. घर कुठे, चिंच कुठे, नाला कुठे, काही खूण नाही. देवळाचं एक शिखर लांबवर दिसत होतं, ते आपल्याच गावाचं की शेजारच्या, हेही कळेना. कमलबाई पाण्याच्या कडेशी बसल्या. एक डोमकावळा त्यांच्याकडे बघत बसला. अर्ध्या तासानं उठल्या आणि म्हणाल्या, "चाल." घरी आल्यावर हळदीचा डबा उघडून बघितला, दगड आहे ना. आहे. तेव्हापासून डबा त्यांच्या उशाशी असतो.

आता यंदाच्या श्रावणाचं.

नात भाविका जळगावला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. दगड शिकायला पैसे देऊन कॉलेजात जावं लागतं, याचं बन्सीलालना अजून नवल वाटतं. कानबाईला ती घरी आली. पोरीनं तो कान लहानपणापासून पाहिलेला, पण वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाचा त्याच्यावर असा थर बसलेला की दगड दिसतच नव्हता. दिपमाला म्हणाली, "बसल्याबसल्या तेवढा घासून दे." भाविका मोरीवर बसली, जुना ब्रश घेतला आणि घासायला लागली. थर निघाला. खालून रेषा निघाल्या, एकीखाली एक, कडेकडेनं वळत गेलेल्या. पोरीचे हात थांबले.

ती तशीच ओल्या हातांनी स्वयंपाकघरात धावली. तिथे सगळ्या जमलेल्या. कढईत गिलक्यांची भजी, परातीत पुरण, चार घरच्या सुना, मधोमध सुनंदाबाई.

"आजी! अगं, हा दगड नाही! हा शिंपला आहे! समुद्रातला जीव राहायचा याच्यात, नऊ कोटी वर्षांपूर्वी!"

तिला वाटलं, सगळ्या आनंदानं उड्या मारतील. नऊ कोटी कुणी ऐकलंच नाही. समुद्रही नाही. ऐकला तो एकच शब्द.

"जीव?" सुनंदाबाई म्हणाल्या. "शिंपला? म्हंजे कालव?"

या घरात अंडंसुद्धा येत नाही. मासळी विकणारी गल्लीतून गेली तरी सुनंदाबाई दार लोटून घेतात. आणि इथे पन्नास वर्षं, रोटाच्या शेजारी, देवीच्या पाटावर एका कालवाचं कवच बसलेलं! एकदोघींनी आपले हात लुगड्याला पुसले. ओट्यावरून बन्सीलालनी तोंड उघडलं, ते किती दिवसांनी कुणास ठाऊक. "मंग शंख काय झाडले लागस का वं?"

"शंख इष्णूना हातमा ऱ्हास!" सुनंदाबाई कडाडल्या. "हाऊ कोना हातमा व्हता?"

बन्सीलाल म्हणाले, "हं."

मग सुनंदाबाई कमलबाईंकडे वळल्या. "कमल, तुले मालूम व्हतं?"

"शिंपला शे हाई नही मालूम व्हतं, अक्का. आमना नालाना दगड शे, इतलंच मालूम व्हतं. मी तवा सांगाले गयी व्हती. माय आयकी नही."

सुनंदाबाईंचा चेहरा लाल झाला होता. राग तर होताच. पण कमलबाईंनी नीट पाहिलं, तर रागाच्या आत दुसरंही काही होतं, भरल्या घरात फसल्यासारखं. "इतला वरीस," त्या हळूच म्हणाल्या, "मी एक कालवले सांगी ऱ्हायनी." आणि मग आवाज चढवून त्यांनी निकाल दिला. आज तो पाटावर बसणार नाही. उद्या देवीबरोबर नदीवर न्यायचा आणि तिथेच पाण्यात सोडून द्यायचा. परत आणायचा नाही.

कमलबाई एवढंच म्हणाल्या, "अक्का, तो बाहेरना शे, तं मीबी बाहेरनीच शे. आम्ही संगेच या घरमा उनूत."

"तू रोट खादा. तेन्ही खादा का?"

कमलबाईंनी झारा हातात घेतला. पुढचा अख्खा घाणा करपला. आयुष्यात पहिल्यांदा कमलबाईंच्या हातची भजी करपली.

दुपारी भाविका परसात आजीपाशी येऊन बसली. पोरगी रडवेली झालेली. "आजी, मी गप्प बसायला हवं होतं."

"कसाले? तू तं खरं तेच सांगं." कमलबाईंनी कान मांडीवर घेतला होता. धुतल्यावर तो वेगळाच दिसत होता, नाल्यात सापडला तेव्हा होता तसा. "तो जीव कसा व्हता, ते दखाड माले."

भाविकानं मोबाइलवर चित्रं दाखवली. हे कालव, खडकाला चिकटून राहायचं, पाणी आत घ्यायचं आणि बाहेर सोडायचं. हा समुद्रातला काटेरी गोळा, काटे गळून गेले की खालचं कवच असं दिसतं. पाठीवर पाच पाकळ्या.

"पाचफुली!" कमलबाई ओरडल्याच. "अवं, यास्नी तं आम्ही खेळूत!" मग वेटोळ्या कवचाचं चित्र आलं, आत दहा हातांचा प्राणी, आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "गोसावीना देव! शेंदूर लायेल व्हता त्याले!" किती तरी वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या. एकामागून एक सगळं परत येत होतं. दरडीचा पिवळा रंग, अनवाणी पायांना लागणारा तापलेला खडा, ओच्यातल्या दगडांचा आवाज, मैत्रिणींची भांडणं. आपण समुद्राच्या तळाशी खेळत होतो, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"म्हंजे तठे समुद्र व्हता?"

"होता ना. पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. उथळ, ऊबदार. मग ओसरला. त्यानंतर कितीतरी काळानं लाव्हा वाहिला. हा आपल्या सातपुड्याचा काळा दगड दिसतो ना, तोही याच्या मागाहूनचा. तुझा कान सातपुड्यापेक्षा म्हातारा आहे आजी."

कमलबाईंनी डोंगराकडे पाहिलं. "पह्यले समुद्र. मंग गाव बसनं. आते परत पानी." मग त्यांनी दगडाच्या फुगीर पाठीवरून हात फिरवला. "याना मझार काय शे?"

"काही नाही. जीव मेला की आतलं मऊ सगळं कुजून जातं. मग आत चिखल शिरतो, घट्ट बसतो आणि त्याचा दगड होतो. पार भरीव. म्हणून तर कानाला लावला तरी समुद्राचा आवाज येत नाही."

हे बोलणं चाललं असताना सुनंदाबाई वाळत घातलेली परात न्यायला परसात आल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. परात घेऊन त्या निघून गेल्या. कमलबाईंना मात्र आता राहवेना. उद्या हाही पाण्यात जाणार. आधी माहेर गेलं, आता माहेरचा दगड. त्या पदर तोंडाला लावून रडल्या, आणि नात जवळ होती म्हणून डोळ्यांत मिरची गेली असं म्हणाल्या. परसात मिरची नव्हती.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. पुढे डफ, मागे लेझीम, पाटावर देवी, आणि पाट सुनंदाबाईंच्या डोक्यावर. या वयातही त्या दुसऱ्या कुणाला पाट देत नाहीत. त्यांच्या कमरेला बटव्यात तो कान होता. रात्रीच कमलबाईंनी आपल्या हातांनी तो त्यांना नेऊन दिला होता, पुसून, हळदकुंकू न लावता. वाटभर गाणी चालली होती. कमलबाई मागून चालत होत्या.

नदीला गढूळ, पोटरीभर पाणी होतं. सुनंदाबाई आत उतरल्या. नारळ पाण्यात बुडवून काढला, ओल्या देवीची आरती झाली. मग त्यांनी पाट दिपमालेच्या हाती दिला आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "तुम्ही चाला. मी आनि कमल येतस."

लेझीम लांब गेली. नदीत दोन म्हाताऱ्या उरल्या. सुनंदाबाईंनी बटव्यातून कान काढला आणि ओंजळीत धरला. सोडेनात. कमलबाई काठाशी पाय ओले करून उभ्या होत्या.

"पोर काय सांगी ऱ्हायंती काल? याना मझार बठ्ठा दगड भरेल शे?"

"हो, अक्का."

"मंग मी इतला वरीस सांगं, ते कोठे गयं?"

"मझारच व्हई. बाहेर निंघाले जागाच नही."

सुनंदाबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "तू येवाना पह्यले माले एक पोर व्हयेल व्हती. पह्यलीच. दीड वरीसनी व्हयनी नि तापमा गयी. मायनी सांगं, आते तिनं नाव घरमा काढानं नही, पुढला पोऱ्याले ते चांगलं नही. मंग पोऱ्या व्हयनात. नाव कोनीच काढं नही. त्यास्नीबी नही." माय म्हणजे सासूबाई, आणि त्यास्नी म्हणजे बन्सीलालनी. "मी याले सांगू. दर साल. आते कितली मोठी व्हयनी व्हती, ते."

पन्नास वर्षं एका घराच्या दोन दारांत राहिल्या दोघी. दळण एकत्र, बाळंतपणं एकत्र, भांडणं तर विचारूच नका. आणि ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती फक्त नाल्यातल्या त्या दगडाला.

"काय नाव व्हतं, अक्का?"

"नूतन."

"नूतन," कमलबाई म्हणाल्या.

सुनंदाबाईंचा चेहरा एकदम वाकडातिकडा झाला. स्वतःशिवाय दुसऱ्याच्या तोंडून ते नाव त्यांनी किती वर्षांनी ऐकलं असेल! त्या पाण्यातच उभ्या राहून रडल्या, मोठ्यानं, हाक मारायच्या त्याच आवाजात, आणि कमलबाई लुगडं भिजवत आत शिरल्या आणि त्यांना धरून उभ्या राहिल्या. रडणं ओसरल्यावर सुनंदाबाईंनी नाक पुसलं. "हाऊ पानीमा गया, तं तिले वळखनारं कोन ऱ्हाई वं?" असं म्हणून त्यांनी कमलबाईंचा पदर ओढला, टोकाला दगड ठेवला आणि गाठ मारली. घट्ट, दोनदा. "कालव तं कालव. पन्नास साल पाटवर बसना, आते त्याले कोन उठाडी? आज तेले रोट खवाडसु."

कमलबाईंनी गाठ मुठीत धरली. ओल्या पदरातून दगडाची कड हाताला लागली, पाठवणीच्या दिवशी नावेत लागली होती तशीच. मग त्यांनी ती मूठ तोंडाशी नेली. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच. ओठ हलले.

"काय सांगं?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"काही नही. गावनं नाव."

"मंग माले सांग ना. तू उनी तवापासून आम्ही निमाड, निमाडच करतस. गावनं नाव काय व्हतं तुन्हं?"

नदीचं पाणी पायांना थंड लागत होतं. कमलबाईंनी नाव सांगितलं. सुनंदाबाईंनी ते एकदा नीट म्हणून पाहिलं, नव्या सुनेचं नाव म्हणावं तसं.

"कवठीघाट."

"हो अक्का," कमलबाई म्हणाल्या. "कवठीघाट छे."